दहाव्या शतकांत गेलेली मुलगी

गेल्या दिवाळींत माझी नात पुण्याहून आमच्या बिलोलीच्या घरीं आली, ती कोरिया देशांतील एक मालिका बरोबर घेऊन आली. वीस भागांची ती कथा तिनें आमच्या दूरचित्रवाणी-संचावर लावली आणि आम्हां दोघां म्हाताऱ्यांस जवळ बसवून घेतलें. पात्रांचें बोलणें कोरियन, खालीं उमटणाऱ्या ओळी इंग्रजी, आणि त्या ओळींचें मराठी माझी नात भराभर सांगत जाई. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंत. पुढें सारें आयुष्य प्राथमिक शाळेंत मास्तरकी करण्यांत गेलें व त्यांत इतिहास शिकविण्याचा योग विशेष आला. इंग्रजी ओळ माझी वाचून होण्यापूर्वींच पुसली जाई, आणि मी नातीच्या तोंडाकडे पाहत बसें. अशा रीतीनें पाहिलेल्या मालिकेवर मत देण्याचा मला कितपत अधिकार आहे हें श्रोत्यांनींच ठरवावें. तरी बोलावेंसें वाटतें, याचें कारण असें कीं, ती मालिका वरवर प्रेमकथा असली तरी माझ्या दृष्टीनें ती इतिहासाच्या एका धड्याविषयीं आहे. आणि तो धडा मीं स्वतः अनेक वर्षें अर्धवट शिकविला, अशी रुखरुख तिनें माझ्या मनास लावून दिली.

मालिकेचें नांव 'मून लव्हर्स: स्कार्लेट हार्ट रयो'. इ. स. २०१६ मध्यें ती कोरियांत प्रथम दाखविली गेली. कथा अशी: आजच्या काळांतील एक तरुणी आहे. सौंदर्यप्रसाधनें विकणें हा तिचा व्यवसाय. प्रेमांत आणि पैशांत दोहोंकडून ती फसलेली आहे. एका तळ्याच्या कांठीं ती बसली असतां एक मूल पाण्यांत पडतें. त्यास वांचविण्यासाठीं ती उडी घेते आणि त्याच वेळीं खग्रास सूर्यग्रहण लागतें. ती बुडते, आणि डोळे उघडते तों इ. स. ९४१! राज्य गोर्यो नांवाचें, राजा वांग गॉन, आणि त्याचे तरुण राजपुत्र एक दोन नव्हेत, तर एके ठिकाणीं स्नान करीत असलेला मेळाच्या मेळाच. तिचें शरीरहि आतां तिचें राहिलेलें नाहीं. हे सू नांवाच्या, सरदार घराण्यांतील एका मुलीच्या देहांत ती जागी झालेली आहे.

येथें मीं नातीस थांबविलें व म्हटलें, "बाळ, हा तर परकायाप्रवेश झाला." आद्य शंकराचार्यांनीं अमरु राजाच्या मृत देहांत प्रवेश केल्याची आख्यायिका आपल्यापैकीं पुष्कळांनीं लहानपणीं ऐकली असेल. काळाच्या उलटापालटीचीहि कथा आपल्या पुराणांत आहे. ककुद्मी राजा आपली कन्या रेवती हिला घेऊन, तिला योग्य वर कोण हें विचारण्यासाठीं ब्रह्मलोकीं गेला. तेथें गायन चाललें होतें. तें संपेपर्यंत तो थांबला. मग त्यानें प्रश्न केला तेव्हां ब्रह्मदेव हंसले व म्हणाले, तुझ्या मनांतील वर आणि त्यांचे नातूपणतूहि केव्हांच निघून गेले. खालीं सत्तावीस चतुर्युगें उलटलीं. राजा परत आला आणि रेवती बलरामास दिली. एका गाण्याच्या अवधींत एवढा काळ जावा हें आम्हांस बालपणीं गंमतीचें वाटे. आइनस्टाइन यांनीं १९०५ मध्यें मांडलेल्या सापेक्षतावादाप्रमाणें अतिशय वेगानें प्रवास करणाऱ्याचें घड्याळ मागें राहिलेल्यांच्या घड्याळापेक्षां खरोखरच हळू चालतें, हें आतां सूक्ष्म घड्याळांनीं मोजूनहि झालें आहे. म्हणजे पुढच्या काळांत लवकर पोहोंचणें हें तत्त्वतः शक्य आहे. मागें जाण्याची वाट मात्र अद्याप कोणास सांपडलेली नाहीं, आणि कथालेखकांस गोडी आहे ती मागें जाण्याचीच.

दुसरी गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी अशी कीं, मृत्यूनें वा काळानें ताटातूट झालेल्या प्रेमिकांस पुन्हा एकत्र आणावयाचें तर आपल्याकडील कवि पुनर्जन्माचा आश्रय करितात. बाणभट्टाच्या 'कादंबरी'पासून १९५८ सालच्या 'मधुमती' बोलपटापर्यंत ही रीति चालत आलेली आहे. पुनर्जन्मांत काळ पुढेंच जातो आणि मागची आठवण पुसट होते. कालप्रवासांत याच्या अगदीं उलट आहे. तेथें माणूस मागें जातो आणि आपली स्मृति शाबूत घेऊन जातो. त्याला पुढें काय घडणार हें ठाऊक असतें. हें ठाऊक असणें वरदान कीं शाप, हा या सर्व कथांचा खरा प्रश्न होय.

अमेरिकन लेखक मार्क ट्वेन यानें १८८९ मध्यें एक कथा लिहिली. तींतील कारखान्यांत काम करणारा हुशार गृहस्थ सहाव्या शतकांतील इंग्लंडांत जाऊन पडतो. त्याला त्या काळांतील एका सूर्यग्रहणाची तारीख पाठ असते, आणि तेवढ्या बळावर तो राजास व प्रजेस भिववून सारें राज्य आपल्या मुठींत घेतो. आमच्या ह्या कोरियन मुलीस ग्रहणानें नेलें खरें, पण तिला कसलीच तारीख पाठ नाहीं. शाळेंत इतिहासाच्या तासाला तिचें लक्ष नव्हतें! तिला आठवतें तें इतकेंच: ह्या घराण्यांत पुढें ग्वांगजोंग नांवाचा राजा होईल आणि तो आपल्या भावांचे प्राण घेईल. पाठ्यपुस्तकांतील ही एक ओळ तिच्यापाशीं आहे. समोर हंसत खेळत असलेल्या इतक्या राजपुत्रांपैकीं तो ग्वांगजोंग कोणता, हें तिला सांगतां येत नाहीं.

मास्तर म्हणून मला प्रथम हंसूं आलें. आमच्या वर्गांतील अशी किती मुलें मीं पाहिलीं असतील! पण जसजसे भाग पुढें गेले तसतसें हंसूं मावळलें.

चौथा राजपुत्र वांग सो याच्या चेहऱ्यावर एक मोठा व्रण आहे. तो त्याच्या सख्ख्या आईच्याच हातून झालेला आहे. (आमच्या घरांतून येथें उद्गार निघाला, "असली आई असती का कुठं?" आणि पुढचे दोन भाग त्या राणीच्या निंदेंतच गेले.) चेहरा विद्रूप म्हणून तो मुखवटा घालतो, दूरच्या घरीं ओलीस राहतो, लोक त्यास लांडगा समजून भितात. हे सू मात्र त्याला भीत नाहीं. पर्जन्यासाठीं करावयाच्या एका राजविधींत त्यास प्रजेसमोर उभें राहावें लागतें, त्या वेळीं ती आपली दुकानांतील विद्या वापरते व रंगलेपनानें तो व्रण झांकून देते. हजार वर्षांनंतरच्या ज्ञानांतून त्या माणसास खरोखर उपयोगी पडलें तें एवढेंच. मला हा प्रसंग सबंध मालिकेंत उत्तम वाटतो. आरंभीं तिचें मन आठव्या राजपुत्राकडे असतें. तें हळूहळू चौथ्याकडे वळतें. आणि मग तिच्या ध्यानांत येतें कीं, पुस्तकांतला तो ग्वांगजोंग म्हणजे हाच.

येथून पुढें ती एक ओळ त्या दोघांच्या मध्यें येऊन बसते. तो प्रेमानें बोलतो, ही त्याच्या हाताकडे पाहते. तो राजा होऊं पाहतो, हिच्या डोळ्यांपुढें रक्त उभें राहतें. ज्यानें अद्याप कांहीं केलेलें नाहीं त्यास ती केलेल्या कृत्याची नजर दाखविते. शेवटीं एक भाऊ त्याच्या तरवारीनें मरतोच. पण कसा? दहावा राजपुत्र दुसऱ्या भावाच्या बाणांनीं आधींच विद्ध झालेला असतो, त्याची पत्नी त्याच्यासमोर पडलेली असते, आणि तो स्वतःच चौथ्याची विनवणी करतो कीं, तूंच मला यांतून सोडीव. वांग सो तें करतो. 'भावास मारिलें' ही ओळ अक्षरशः खरी ठरते, आणि तरीहि तींत त्या प्रसंगांतलें कांहींच नसतें.

मूळ चिनी कथेंत हा विचार याहूनहि तीव्र आहे. कोरियन मालिका ही तोंग ह्वा या लेखिकेच्या कादंबरीवरून घेतलेली असून, तिच्यावर २०११ मध्यें चीनमध्यें 'बू बू जिंग शिन' या नांवाची मालिका झाली. तेथील नायिका कांगशी बादशहाच्या अमदानींत जाते. हा काळ म्हणजे आपल्याकडे औरंगजेबाचीं दक्षिणेंतील शेवटचीं वर्षें. गुरु गोविंदसिंग १७०८ मध्यें नांदेडास आले, त्याच्या थोडें अगोदरचा. त्या मुलीला पुढचा बादशहा चौथा राजपुत्र होणार हें पक्कें ठाऊक असतें. म्हणून ती आपल्या आवडत्या आठव्या राजपुत्रास सावध करते, कीं चौथ्यापासून जपून राहा. तो जपून राहतो, म्हणजे चौथ्याविरुद्ध कारस्थान करतो. आणि त्या कारस्थानांतूनच तें वैर वाढतें, ज्याचा सूड चौथा गादीवर आल्यावर घेतो. अनर्थ टाळण्यासाठीं बोललेला शब्द अनर्थाचें बीज ठरला. हें कळल्यावर ती मुलगी खंगत जाते.

चीनमधील प्रसारण खात्यानें २०११ मध्येंच अशा कालप्रवासाच्या मालिकांविषयीं नापसंती दर्शविली होती. त्या इतिहासाशीं पोरखेळ करितात असा त्यांचा आक्षेप. इतिहासाचा मास्तर या नात्यानें मला हा आक्षेप मान्य व्हावयास हवा होता. परंतु मला वाटतें, कीं पोरखेळ असेल तर तो एका ओळींत माणूस संपविणाऱ्या आमच्या पुस्तकांचाहि आहे.

आपल्या इतिहासांतील उदाहरण घेऊं. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत गारद्यांनीं नारायणराव पेशव्यांचा खून केला. रामशास्त्री प्रभुणे यांनीं रघुनाथरावांस दोषी धरिलें. आणि आनंदीबाईनें 'धरावे' या शब्दाचें 'मारावे' केलें, ही गोष्ट आपल्याकडे इतकी रूढ झाली कीं 'ध चा मा करणें' हा वाक्प्रचारच होऊन बसला. या गोष्टीस आख्यायिकेपलीकडे भक्कम आधार नाहीं, असें अनेक अभ्यासकांचें मत आहे. आतां अशी कल्पना करा कीं, आजची एखादी शाळकरी मुलगी १७५६ च्या सुमारास, नुकत्याच लग्न होऊन आलेल्या लहानग्या आनंदीबाईच्या शेजारीं जाऊन बसली. ती तिच्याशीं सागरगोटे खेळेल का? ती तिच्या बोटांकडेच पाहत राहील.

अक्षरावरून आठवलें. कोरियन मालिकेंतहि अक्षरानेंच घात होतो. हे सू त्या राजाच्या हस्ताक्षरावरून गिरवून लिहावयास शिकलेली असते, त्यामुळें तिचें वळण हुबेहूब त्याच्यासारखें झालेलें असतें. पुढें ती राजवाडा सोडून जाते व मरणापूर्वीं त्यास पत्रें पाठविते. पाकिटावर राजासारखें अक्षर दिसल्यास लोक विपरीत अर्थ करतील, म्हणून चौदावा राजपुत्र आपल्या अक्षरांतील दुसरें पाकीट वरून घालतो. राजा तें अक्षर पाहतो, हा आपणांस डिवचण्यासाठीं लिहीत असावा असें समजतो, आणि पत्र फोडीतच नाहीं. फोडतो तेव्हां उशीर झालेला असतो. येथें माझी नात मराठी सांगावयाची थांबली. आणि आम्हांलाहि सांगण्याची जरूर उरली नव्हती.

मीं वर म्हटलें, कीं हा धडा मीं स्वतः अर्धवट शिकविला. सुमारें पंचवीस वर्षांपूर्वींची गोष्ट. मी आमच्या तालुक्यांतील एका गांवीं शिक्षक होतों. १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचें झेंडावंदन झालें आणि मीं वर्गांत नेहमींचा पाठ दिला. निजामाची सत्ता, कासीम रझवीच्या रझाकारांचे अत्याचार, १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य संस्थानांत शिरलें, १७ ला निजाम शरण आला. यांतील एकहि वाक्य खोटें नव्हतें व आजहि नाहीं. पाठ संपल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "गुरुजी, माझे आजोबा तेव्हां निजामाच्या पोलिसांत जमादार होते. मग ते कसे होते?" मीं त्याला सांगितलें, "ती राजवट जुलमी होती, बाळ." मुलगा खालीं बसला. त्यानें आजोबा कसे होते हें विचारलें होतें आणि मीं राजवट कशी होती हें सांगितलें. त्याचा आजा त्या वेळीं हयात होता, गांवांतच होता. बाजारांत मला नमस्कार करीत असे. मी त्याच्याकडे जाऊन चार शब्द विचारूं शकलों असतों. कालप्रवासाची गरज नव्हती, दोन गल्ल्या चालावयाचें होतें. मी गेलों नाहीं. त्या मुलानें पुढें वर्षभर वर्गांत प्रश्न विचारला नाहीं.

आतां मालिकेचे दोष सांगितले पाहिजेत, नाहींतर नातीच्या सांगण्यावरून स्तुतिपाठ केला असें व्हावयाचें. राजपुत्र फार आहेत आणि सर्वच सारखे गोरेगोमटे असल्यामुळें कोणता कोणाचा भाऊ हें निम्मी मालिका होईपर्यंत मला उमगलें नाहीं. नायिका आपलें घर, आपली आई, आपला काळ यांची आठवण फारशी काढीत नाहीं. हजार वर्षें मागें फेंकलेली मुलगी इतक्या लवकर रुळावी हें पटत नाहीं. शेवटचे भाग घाईनें उरकलेले आहेत. मोठा दोष मात्र याहून निराळा आहे. खऱ्या ग्वांगजोंगानें इ. स. ९४९ पासून ९७५ पर्यंत राज्य केलें. अन्यायानें गुलाम केलेल्या लोकांची चौकशी करून त्यांस मुक्त करण्याचा कायदा त्यानें ९५६ मध्यें केला. ९५८ मध्यें परीक्षा घेऊन अधिकारी नेमण्याची पद्धति सुरू केली. आणि राज्याच्या उत्तरार्धांत ह्याच राजानें सरदारांचा व आप्तांचाहि निर्दय संहार केला. मालिकेनें त्याच्या सुधारणांस फारच थोडी जागा दिली आहे, आणि त्याच्या क्रौर्यास प्रत्येक वेळीं कांहींतरी हळवें कारण शोधून दिलें आहे. पुस्तकानें त्यास एका ओळींत दुष्ट ठरविलें, मालिकेनें वीस भागांत विरही ठरविलें. हातून गुलाम सुटले आणि त्याच हातून नातलग मेले, असा जो एकच पुरुष होता, त्याचें दर्शन दोहोंकडेहि होत नाहीं. रडूं आलें म्हणून मी हें विसरूं शकत नाहीं.

तरी शेवट मला आवडला, हें कबूल करतों. हे सू तेथें मरते आणि येथें जागी होते. पुन्हा प्रसाधनें विकूं लागते. एके दिवशीं एका प्रदर्शनांत त्या राजाच्या काळचीं चित्रें तिला दिसतात, आणि जें स्वप्न वाटत होतें तें सारें तिला आठवतें. ती त्या चित्रांसमोर उभी राहून रडते, कीं मीं तुला एकटें टाकून आलें. आजूबाजूस लोक तींच चित्रें पाहत असतात व पुढें जात असतात. चुकून राहिलेल्या कथेप्रमाणें मालिका तेथेंच थांबते. पुष्कळ प्रेक्षकांस हा शेवट अपुरा वाटला. राजाहि आजच्या काळांत आला पाहिजे असें त्यांचें म्हणणें. माझी नातहि त्यांपैकींच. मी म्हणतों, तो आला असता तर त्यानें तिच्या दुकानांत काय केलें असतें?

भाऊबीज झाल्यावर मी नातीस घेऊन बसनें कंधारास गेलों. हेतु असा कीं, ती मालिका ज्या वर्षांत घडते त्याच वर्षांतील आपल्या जिल्ह्याची कांहीं निशाणी तिला दाखवावी. इ. स. ९४१ मध्यें ह्या भागावर राष्ट्रकूट तिसऱ्या कृष्णाचें राज्य होतें. किल्ला पाहून आम्ही जगत्तुंग समुद्र नांवाच्या तळ्याच्या कांठीं बसलों व बरोबर आणलेल्या दशम्या खाल्ल्या. दुपार होती, पाणी निवांत होतें.

नात म्हणाली, "आबा, आतां ग्रहण लागलें आणि मी ह्या पाण्यांत पडलें, तर तुमच्या इतिहासांतलें मला काय उपयोगी पडेल?"

मीं सांगितलें: तिसरा कृष्ण, इ. स. ९३९ ते ९६७, राजधानी मान्यखेट, ९४९ मध्यें तक्कोलम येथें चोळांचा पराभव केला, त्यांत चोळ राजपुत्र राजादित्य मारला गेला. ९४९ म्हणजे तुझा ग्वांगजोंग गादीवर आला तेंच वर्ष.

"आणि माणूस म्हणून कसा होता?" तिनें विचारलें.

मीं पुष्कळ आठवून पाहिलें. मग डबा बंद केला. परतीच्या बसची वेळ होत आली होती.